न्यूझीलंडमध्ये संध्याकाळच्या अंधुक उजेडात ससे मारायला .२२ रायफलवर कोणता स्कोप घ्यावा?

तुम्ही विचारलंय की साधा ३-९×४० (झूम तीन ते नऊ पट, समोरची काच ४० मिलिमीटर) पुरेल, की जास्त पैसे घालून ६-२४×५० घ्यावा, कारण "झूम जास्त असला की अंधारात ससा नीट दिसेल". हे शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसलो. नाही दिसत. हेच वाक्य मी आमच्या साडूंच्या तोंडून तीन वर्षं ऐकतोय, आणि ते ऐकून घेतल्यामुळे माझ्या हातून एक जनावर हालहाल होऊन मेलं.

मी मूळचा निफाडचा, घरची द्राक्षबाग. गेली अकरा वर्षं सेंट्रल ओटागोत, अलेक्झांड्राजवळ पिनो न्वार या वाइनच्या द्राक्षांच्या बागेवर आहे. इथे सशाची दया करून चालत नाही. १८७६ सालीच या देशाला सशांच्या उपद्रवाचा कायदा करावा लागला होता. १९९७ मध्ये वैतागलेल्या शेतकऱ्यांनी सशांच्या रोगाचा विषाणू चोरून आणला, २०१८ मध्ये त्याचाच नवा प्रकार अधिकृतपणे सोडला, आणि ससे अजून आहेतच. दहा ससे एका मेंढीएवढं खातात असं इथले मेंढीवाले सांगतात. मेंढ्यांचं मला कळत नाही, पण नव्या लागणीच्या ओळीत डोळे फुटून कोवळे कोंब आले, की एका रात्रीत ओळ बोडकी झालेली मी पाहिली आहे. बागवाल्याला ते किती लागतं हे निफाडच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

नोव्हेंबरात क्राइस्टचर्चला शो-डेची सुट्टी असते. तेव्हा साडू सहकुटुंब आले होते. त्यांच्याकडेही लायसन्स आहे, ते रेंजवर कागदावर नेम धरतात, आणि कागदावर त्यांचा हात खरंच चांगला आहे. येताना ते स्वतःचा ६-२४×५० घेऊन आले आणि दुपारी माझ्या रायफलवर चढवला. पन्नास मीटरवर झिरोही करून दिला, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमावरच बसेल असा जुळवून दिला. भर उन्हात त्यातून खांबावरच्या खिळ्याचं डोकं दिसत होतं. मलाही भुरळ पडली, खोटं कशाला बोलू.

त्या दिवसांत सूर्य पावणेनऊच्या सुमारास मावळतो आणि नंतर अर्धा तास उजेड रेंगाळतो. आपल्याकडे दिवेलागण झाली की अंधार झपकन पडतो, तसं इथे होत नाही. हाच अर्धा तास सशांचा. खडकांच्या कडेला रानटी थाइमचे झुडूपगड्डे आहेत, त्यांतून ते एकेक करून बाहेर येतात. साठेक मीटरवर एक बसला. स्कोप १८ वर होता. आत बघतो तर राखाडी पाणी ढवळल्यासारखं चित्र. डोळा जरा हलला की तेही काळं व्हायचं. क्रॉसहेअरची, म्हणजे नेम धरायच्या फुलीची, तार इतकी बारीक की थाइमच्या काळपट पार्श्वभूमीवर ती कुठे आहे तेच कळेना. मागून साडू म्हणाले, "अजून वाढव, मोठा दिसेल." मी २४ वर नेलं आणि होतं तेवढंही गेलं. पुन्हा १८ वर आणलं, डोकं असेल अशा ठिकाणी अंदाजाने तार धरली आणि चाप ओढला.

गोळी मागच्या पायांत बसली. ससा ओरडतो हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. तान्ह्या मुलासारखा ओरडतो. पुढच्या पायांवर स्वतःला ओढत तो रानगुलाबाच्या जाळीत शिरला. बॅटरी घेऊन चाळीस मिनिटं शोधला, बिळाच्या तोंडाशी सापडला, अजून जिवंत होता. मी हातानेच यातनांतून मोकळा केला. घरात बायको काही बोलली नाही, पण पोरांनी आवाज ऐकला होता.

दुसऱ्या दिवशी शेजारचा म्हातारा मेंढीवाला आला. त्याने मला काही शिकवलं नाही. रायफल रिकामी असल्याची खात्री केली, साडूंचा आणि त्याचा असे दोन्ही स्कोप काढून ठेवायला सांगितले, आणि साडूंचा स्कोप १८ वर ठेवून हातभर लांब धरून आभाळाकडे केला. मागच्या काचेत उजेडाचा एक गोल ठिपका दिसतो. तो ज्वारीच्या दाण्याहूनही लहान होता. मग त्याने स्वतःचा जुना, झूम सहावरच पक्का असलेला ६×४२ तसाच धरला. ठिपका वाटाण्याएवढा.

एवढंच आहे सगळं. समोरच्या काचेचा व्यास भागिले झूम, म्हणजे तुमच्या डोळ्यात जाणाऱ्या उजेडाच्या नळीची जाडी. ५० भागिले १८ म्हणजे पावणेतीन मिलिमीटर. ४२ भागिले ६ म्हणजे सात. अंधारात तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली सातेक मिलिमीटर उघडते, पन्नाशीला पाचच्या आसपास. बाहुली पाच उघडी आणि नळी पावणेतीनची, म्हणजे आपण होऊन दोन तृतीयांश उजेड बाहेर ठेवला.

यावर साडूंचं म्हणणं, "मग माझाच सहावर ठेव, ५० ला सहाने भागलं की आठ येतात." येतात. पण बाहुलीत मावतो त्याहून जादाचा उजेड बाजूला सांडतो. शिवाय ती बारीक तार सहावरही बारीकच राहते. पॅरॅलॅक्सचं, म्हणजे डोळा हलला की तार निशाणावरून सरकते तो दोष अंतरानुसार घालवायचं, चाक होतं, पण त्यावरचे आकडे अंधारात वाचता येत नाहीत आणि ते त्या दिवशी १०० वरच राहिलं होतं. ५० च्या काचेसाठी स्कोप धरणाऱ्या रिंगा उंच लावाव्या लागतात, मग गाल दस्त्यावर टेकत नाही आणि घाईत डोळा मधोमध येत नाही. हे चारही दोष माझ्या रानात एकाच वेळी दिसले, म्हणून मी मागे हटत नाही.

तर तुमचं उत्तर. ३-९×४० पुरेल, सूर्य मावळला की तो पाच-सहावर आणून ठेवायचा आणि नऊ विसरायचं. फक्त पॅरॅलॅक्स ५० ला बसवलेला, म्हणजे .२२ सारख्या रिमफायर रायफलींसाठीचा, आहे ना ते बघून घ्या. मोठ्या रायफलींचे सहसा १०० ला असतात. मला विचाराल तर जुना ६×४२ मिळाला तर तोच घ्या, त्यात वाढवायला काही नाही म्हणून चूक करायला जागा नाही. रेषा जाड हव्यात. जर्मन नंबर ४ म्हणतात तो नमुना, तीन बाजूंनी जाड दांडे आणि मधे बारीक तार, अंधारात डोळा आपोआप मधे जातो. तारेच्या मधोमध पेटणारा लाल ठिपका हवा असेल तर तो अगदी मंद होतो का ते बघा, नाहीतर त्याच्याच झगमगाटात ससा गायब होतो. आणि पैसे घालायचेच असतील तर काचेवरच्या थरांवर घाला. नुसती काच प्रत्येक पृष्ठभागाला सुमारे ४ टक्के उजेड परत फेकते आणि स्कोपमध्ये असे दहा-बारा पृष्ठभाग सहज असतात. हा परतावा कमी करणारे थर १९३५ साली झाइस या जर्मन काच-कंपनीत आले, तेव्हापासून संध्याकाळच्या शिकारीला खरा फरक त्यांनीच पाडलाय. ३० मिलिमीटरची नळी जास्त उजेड देते असं दुकानदार सांगेल. नाही देत, तिच्यात झिरो करताना तार सरकवायला जागा जास्त मिळते इतकंच. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळेच स्कोप छान दिसतात, संध्याकाळी जा आणि दाराबाहेर नेऊन बघू द्या म्हणा.

थर्मल, म्हणजे उष्णतेवरून चित्र दाखवणारा स्कोप, घ्या असं कुणीतरी खाली लिहीलच. पूर्ण काळोखात त्याला तोड नाही हे मान्य. पण उन्हात तापलेले खडक संध्याकाळी त्यात उजळ दिसतात, आणि सशामागे काय आहे ते मला डोळ्याने बघायचं असतं. मोठ्या रानात महिन्याला शेकडो ससे मारायचे असतील तर गोष्ट वेगळी.

माझा हिशेब सबसॉनिक, म्हणजे आवाजाहून हळू जाणाऱ्या, गोळीचा आणि साठ मीटरच्या आतला आहे. पन्नासला झिरो केलेली ती गोळी पंचाहत्तरला चार बोटांहून जास्त खाली पडते, तिथे कुठलाच स्कोप मदत करत नाही. चष्मा असेल तर नंबर आधी तपासून घ्या. लायसन्स तुमच्याकडे असेलच. सरकारी संवर्धन क्षेत्रात रात्रीची शिकार चालत नाही, जमीन खासगी असेल तर मालकाला त्याच संध्याकाळी पुन्हा फोन करा. आणि हे वाचून गावाकडे कुणी ससा मारायला निघू नका. आपला ससा वेगळा, तो १९७२ च्या कायद्याने संरक्षित आहे, आणि त्याने आपली बाग कधी बोडकी केलेली नाही.

साडू हे वाचतील, म्हणून इथेच लिहितो: कागद ओरडत नाही भाऊ. पुढच्या शो-डेला या, माझ्या स्कोपमधून संध्याकाळी नऊ वाजता बघा, मग बोलू.

तुम्ही स्कोप बसवलात की आधी दिवसा पन्नास मीटरवर झिरो करा आणि बसायच्या जागेपासून साठ मीटर टेपने मोजा. मी त्या अंतरावरच्या खांबांना पांढरा रंग लावलाय. अंधुक उजेडातही पट्टा दिसतो. पट्ट्यापलीकडचा ससा मी जाऊ देतो, आणि पट्टाच दिसेनासा झाला की काडतुसं काढून घरी येतो.