कोयनेत बुडालेलं गाव आणि आजोबांची नोंद

प्रश्न : माझे आजोबा 1940 च्या सुमारास जावळी तालुक्यातून परळच्या गिरणीत कामाला आले. त्यांचं गाव पुढे कोयना धरणात गेलं. आडनावावरून बराच शोध घेतला, काहीच हाती लागत नाही. गावच उरलं नाही, तर नोंदी कुठे मिळणार?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, गाव पाण्याखाली गेलं तरी त्याचं महसुली दप्तर तालुक्याला असतं. आधी मेढ्याच्या तहसील कचेरीत, रेकॉर्डरूममध्ये चौकशी करा. मी चोवीस वर्षं अशाच एका रेकॉर्डरूममध्ये कारकून होतो, म्हणून कळकळीने सांगतो : आडनाव बाजूला ठेवा. मुंबईत आल्यावर गावाच्या नावाला ‘कर’ जोडून आडनाव घेतलेली माणसं थोडी नाहीत. गावच्या वहीत ते आडनाव कसं सापडेल? गावाचं नाव आणि पणजोबांचं नाव, या दोन गोष्टी धरून चला.

मागायचं ते कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना नंबर 14. गावातल्या जन्ममृत्यूंची ती नोंदवही. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतंच, कारण बारसं व्हायच्या आधी नोंद झालेली असते. तारीख, बापाचं नाव, जात आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. म्हणून आजोबांच्या नावाने शोधलंत तर वही हातात असूनही नोंद निसटेल.

त्या काळच्या वह्या बऱ्याचदा मोडीत असतात. मोडी वाचणाऱ्या कुणाकडून पणजोबांचं नाव एका कागदावर मोठ्या अक्षरात मोडीत लिहून घ्या आणि तो कागद शेजारी ठेवून पानं उलटा. दोन तासांत डोळ्याला वळण सरावतं.

माझ्या पणजीची नोंद मला अशीच सापडली. ऑक्टोबर 1918, इन्फ्लुएंझाची साथ. कारणाच्या रकान्यात ‘ताप’, आणि वर-खाली पानभर तेच. वय सव्वीस. घरात तिचं नाव कुणालाच आठवत नव्हतं, आणि वहीतही ‘अमक्याची बायको’ एवढंच आहे. त्या दिवशी मी पुढची पानं उलटू शकलो नाही.

जमिनीसाठी जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या मालकीत झालेल्या बदलांच्या नोंदी, पाहा. पणजोबा वारल्यावर वारस नोंद झाली असेल तर सगळ्या भावंडांची नावं एका ओळीत मिळतील, मुंबईला गेलेल्याचंही. अर्जावर कोर्ट फी तिकीट लावा आणि सही-शिक्क्याची नक्कल मागा. फोटोवर समाधान मानू नका.

तुमच्या बाबतीत एक जास्तीची वाट आहे. धरणासाठी जमीन घेतली, तेव्हा भूसंपादनाचा निवाडा झाला, म्हणजे कुणाचं काय घेतलं आणि त्याचा मोबदला किती, याचा लेखी निर्णय. शिवाय पुनर्वसनासाठी खातेदारांचं संकलन रजिस्टर, म्हणजे धरणग्रस्तांची यादी, असते. ती कागदपत्रं जिल्ह्याच्या भूसंपादन आणि पुनर्वसन शाखेत मागा. कोयनेची माणसं सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे अशी पांगली. तुमची भावकी कुठे वसली हे तिथून कळू शकेल. अशा निवाड्यात जमिनीबरोबर घरं मोजलेली असतात, झाडंसुद्धा. तुमच्या पणजोबांच्या दारात आंबा होता की फणस, तेही त्यात असू शकेल.