नवं गॅजेट मागवण्याआधी

अरे, ते नवं यंत्र मागवण्याआधी एक बघ: कंपनीचा सर्व्हर बंद पडला तर ते चालेल का? जूसेरो आठव. 2016 साली आलेलं 699 डॉलरचं, वायफाय लागणारं रसयंत्र. वर्षभरात कळलं की त्याच्या पिशव्या नुसत्या हातानेही पिळता येतात, आणि 2017 मध्येच कंपनी गुंडाळली.

आणि आपली हवा! म्हापशात एका पावसाळ्यात माझ्या छोट्या प्रोजेक्टरच्या चार्जिंगच्या पिना हिरव्या पडल्या, फार जीव लागला होता त्याच्यावर. आता जून लागला की सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या निळ्या सिलिका जेलच्या दाण्यांसोबत. ते गुलाबी झाले की बदलतो. बॅटरी अर्धी भरलेली ठेव, रिकामी ठेवलीस तर मरते.

आणि ते यंत्र क्राउडफंडिंगवर, म्हणजे वस्तू तयार होण्याआधीच लोकांकडून पैसे गोळा करून बनणार असेल, तर तिथे पैसे भरणं म्हणजे खरेदी नव्हे, हे घरच्यांनाही आधीच सांग.