टीपीएस (मायदेशात युद्ध किंवा नैसर्गिक आपत्ती असलेल्यांना अमेरिकेत तात्पुरतं राहायची आणि काम करायची परवानगी) संपलं की त्या लोकांना परत पाठवणं बरोबर आहे का? यातून सुटायला काही मार्ग असतो का?

बरोबर नाही. 'मग कायदेशीर यायचं ना' असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी आधी हे वाचा.

आमच्या एडिसनच्या (न्यू जर्सी) ग्रोसरीत काउंटरला एक नेपाळी दीदी होत्या. लिपी एकच, त्यामुळे माझ्या भाजणीच्या पाकिटावरचं मराठी अडखळत मोठ्याने वाचायच्या आणि स्वतःच हसायच्या. 2015 च्या भूकंपानंतर नेपाळला टीपीएस मिळालं तेव्हापासून दर वेळी फॉर्म, फी, बोटांचे ठसे, सगळं वेळेवर. एकदा लायसन्स रिन्यू करायला मी त्यांना घेऊन गेलो. वर्क परमिटवरची तारीख उलटलेली, पण सरकारनेच मुदत वाढवलेली, त्या राजपत्राचा प्रिंटआउट कायम पर्समध्ये, घड्यांवर फाटलेला, सेलोटेप लावलेला. काउंटरवरच्या बाईंनी कागद उघडलासुद्धा नाही, "एक्सपायर्ड" म्हणून कार्ड परत सरकवलं. सुपरवायझर येऊन काम व्हायला दोन तास गेले, तेवढा वेळ दीदी 'सॉरी' म्हणत होत्या, मलाच!

जून 2025 ला नेपाळचं टीपीएस बंद जाहीर झालं, 5 ऑगस्टपर्यंत मुदत, म्हणजे 60 दिवस, मग कोर्टकचेऱ्या. एच-वन वर्क व्हिसावर असताना माझी नोकरी गेली तेव्हा मलाही 60 च दिवस होते, मी कॅलेंडरकडे बघायचं सोडून दिलं होतं.

आमचे दाजी जेवताना म्हणाले, "तात्पुरतं म्हणजे तात्पुरतं." अहो पण दहा वर्षं ते तात्पुरतं चालू दिलं कोणी? आणि लपून राहिलेल्याचा पत्ता सरकारकडे नसतो, यांनी स्वतःहून दिला, सापडणार हेच आधी.

मार्ग विचाराल तर कायमचा तोडगा काँग्रेसच्याच, म्हणजे अमेरिकन संसदेच्याच हातात, 2021 मध्ये तिथल्या हाऊसने (कनिष्ठ सभागृह) बिल पास केलं, सिनेटमध्ये (वरिष्ठ सभागृह) अडकलं. तोवर नीट वकील गाठा, 'पेपर करून देतो' वाला एजंट नको. व्हिसावर रीतसर एंट्री असेल आणि नवरा, बायको किंवा 21 वरचं मूल सिटिझन असेल तर इथूनच ग्रीन कार्ड होऊ शकतं. बॉर्डरवरून विनातपासणी आलेल्यांना नुसत्या टीपीएसवर ते होत नाही, सुप्रीम कोर्टाने 2021 लाच सांगितलंय. (मी वकील नाही हां, आणि विचारल्याशिवाय देशाबाहेर तर अजिबात जाऊ नका.)

बाकी दाजी 2001 च्या मंदीत चार महिने बेंचवर (कंपनीत, पण प्रोजेक्टविना) होते, ना पगार ना कायदेशीर स्टेटस. नोकरीवरून ग्रीन कार्ड करणाऱ्यांना स्टेटस नसलेल्या 180 दिवसांपर्यंत माफी आहे, त्यात बसले. फाईल ताईच्या कपाटात आहे, मी बघितलीये.