मुलाच्या चांगुलपणाचं करिअर ठरवण्याआधी

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका वडिलांचं पत्र, थोडक्यात: "मुलगा २२ वर्षांचा. रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला होता. आईला कॅन्सर झाला तेव्हा शिक्षण सोडून घरी आला. शेवटपर्यंत तिचं सगळं त्यानेच केलं. गेल्या आषाढात ती गेली. तो रडलासुद्धा नाही, फार खंबीर आहे. वॉर्डातल्या बायका म्हणायच्या, असो झील सगळ्यांक गावांदे (असा मुलगा सगळ्यांना मिळो). आता वाडीत कोणी आजारी पडलं, कोणाला गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलात न्यायचं झालं, की त्यालाच बोलावतात. भजनात आवाज चांगला, हरिपाठ तोंडपाठ. माझी भाची अमेरिकेत नर्स आहे. ती सांगते, तिथल्या हॉस्पिटलांत रुग्णांना आध्यात्मिक आधार द्यायला पगारी चॅप्लेन असतात, आता त्यांत हिंदूही असतात. मुलाला हेच ट्रेनिंग द्यायचं मी ठरवलं आहे. कोर्स कुठे आणि नोकरी कुठे, कळवावं."

नमस्कार.

कोर्सचं नंतर सांगतो. आधी तुमच्या पत्रातल्या एका वाक्याबद्दल बोलू द्या: 'तो रडलासुद्धा नाही, फार खंबीर आहे.' तुम्ही हे अभिमानाने लिहिलं आहे. मला वाचताना भीती वाटली. विशीतला मुलगा कॉलेज सोडून आईच्या उशाशी बसतो, ती गेल्यावर रडत नाही, आणि लगेच दुसऱ्यांच्या पेशंटबरोबर गाडीत बसून बांबोळीला जातो. त्याला स्वतःच्या आईसाठी वेळ कधी मिळाला? घरात तुमचंही माणूस गेलंय, हे मला कळतं. तिच्या दुखण्यातून काहीतरी चांगलं निघावं, असं तुम्हाला वाटत असणार. पण ते चांगलं मुलाच्या आयुष्यातून काढू नका.

सगळ्या पत्रात त्याचं स्वतःचं एकही वाक्य नाही. वॉर्डातल्या बायका काय म्हणाल्या ते आहे, भाची काय म्हणाली ते आहे, तुम्ही काय ठरवलंत ते आहे. मार्कांवरून मुलांना बोल लावणारे पालक माझ्याकडे नेहमी येतात. त्यांची मुलं निदान चिडतात, दार आपटून निघून जातात. तुमच्या मुलाला तीही सोय नाही, कारण सगळा गाव त्याचं कौतुक करतोय. गुणी म्हणून नाव झालेला मुलगा 'मला आता हॉस्पिटलचा वासही नको' असं कोणत्या तोंडाने म्हणेल? त्याने सेवा केली ती त्याच्या आईची. तेवढ्यावरून त्याने परक्यांच्या मरणाजवळ जन्म काढावा हे तुम्ही ठरवणं मला पटत नाही, आणि ते मी स्पष्ट सांगतो.

आता तुमचा मोठा गैरसमज. आवाज चांगला आणि हरिपाठ पाठ, म्हणून हे काम जमेल असं तुम्ही धरून चाललात. देवळात गाऱ्हाणं घालताना मानकरी बोलतो आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. इथे बोलायचं पेशंटने, आणि चॅप्लेनची जागा 'व्हय म्हाराजा' म्हणणाऱ्यांत. पेशंट मुसलमान असेल, ख्रिस्ती असेल, देव न मानणारा असेल, देवावर संतापलेला असेल. त्याने मागितलं तर प्रार्थना होते, त्याच्या धर्माचा माणूस बोलावून दिला जातो. पण आपला हरिपाठ घेऊन कोणाच्या खाटेपाशी जायचं नसतं. खाटेवरचा माणूस उठून जाऊ शकत नाही, म्हणून हा नियम फार कडक पाळावा लागतो.

आणि हे ऐकणं शिकवावं लागतं. त्याची सुरुवात १९२५ साली अमेरिकेतल्या वूस्टरच्या मनोरुग्णालयात झाली. अँटन बॉइझन हे तिथले चॅप्लेन. धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पुस्तकांइतकंच माणसांकडून शिकावं, म्हणून त्यांनी त्यांना वॉर्डात आणलं. बॉइझन स्वतः त्याआधी मनोरुग्णालयात रुग्ण म्हणून राहिलेले होते. आज अमेरिकेत या प्रशिक्षणाचं एक युनिट किमान ४०० तासांचं असतं. त्यातला बराचसा वेळ वॉर्डात आणि उरलेला गटात जातो. पेशंटशी झालेलं बोलणं विद्यार्थी आठवून शब्दशः लिहून काढतो आणि गटासमोर वाचतो. समजा पेशंट म्हणाला, 'माझ्यामागे पोरांचं काय होईल?' आणि विद्यार्थी म्हणाला, 'काळजी करू नका, देव आहे.' शिक्षक तिथेच थांबवतो आणि विचारतो: पोरांचा विषय निघाल्यावर तू इतक्या घाईने देवाकडे का वळलास? तुला काय ऐकवत नव्हतं? मग विद्यार्थ्याच्या घरातलं बाहेर येतं, मनात दाबून ठेवलेलं दुःख, वडिलांवरचा राग, सगळं. हे मुद्दाम केलं जातं. स्वतःची जखम कुठे आहे हे माहीत नसलेला माणूस पेशंटच्या खाटेजवळ नकळत स्वतःचीच मलमपट्टी करत बसतो.

तुमचा मुलगा त्या गटात बसला आहे असं डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक वॉर्डात त्याला एक आई दिसेल. तयार झालेला माणूस तेही पेलतो, पण वर्षही न झालेल्या दुःखात, बापाच्या इच्छेने तिथे पोचलेला मुलगा मोडेल. मी त्याला आज या वाटेला लावणार नाही.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं. अमेरिकेत प्रमाणित चॅप्लेन व्हायला साधारणपणे पदव्युत्तर शिक्षण आणि अशी चार युनिटं लागतात. भारतात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात हे प्रशिक्षण चालतं, पण त्याचा मुख्य ओघ धर्मशास्त्र शिकलेल्यांचा. आपल्या जिल्हा रुग्णालयांत या नावाचं पदच नाही. जवळचं पद वैद्यकीय समाजसेवा अधीक्षकाचं, त्याला समाजकार्याची पदव्युत्तर पदवी लागते आणि ती कोणत्याही पदवीनंतर करता येते. आधुनिक हॉस्पिसची, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांची शेवटपर्यंत काळजी घेणाऱ्या जागेची, सुरुवात करणाऱ्या सिसिली साँडर्स आधी नर्स होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका, मग डॉक्टर. लंडनमधलं त्यांचं हॉस्पिस १९६७ साली सुरू झालं. रुग्णाच्या वेदनेत शरीर, मन, घरदार आणि श्रद्धा या चारही गोष्टी असतात, हे त्यांनी वैद्यकाला ऐकायला लावलं. या कामाला दारं अनेक आहेत, आणि ती तिशीतही उघडी असतात.

आज त्याच्यासमोर अर्धी राहिलेली पदवी आहे. 'मासळीच्या शिक्षणात काय ठेवलंय' असं तुम्ही मनात म्हणत असाल तर किनाऱ्यावर राहून ते म्हणू नका. कोळंबी संवर्धनापासून मत्स्यव्यवसाय विभागातल्या पदांपर्यंत कामं आहेत, आणि तो विषय त्याने आई आजारी पडण्याआधी स्वतः निवडला होता. त्याच्या पसंतीची तेवढी एकच गोष्ट तुमच्या पत्रातून मला कळली. पुन्हा प्रवेश कसा मिळेल, किती विषय राहिलेत, हे त्याने शिरगावला जाऊन विचारावं. तुम्ही सोबत जाऊ नका.

तोवर वाडीतल्या लोकांना तुम्ही सांगा की पेशंट न्यायला काही महिने दुसरा कोणी बघा. त्याने सांगितलं तर त्याला वाईटपणा येईल, म्हणून तुम्ही सांगा. त्याची झोप, जेवण, मित्रांत मिसळणं कसं आहे ते बघा. बिघडलेलं दिसलं तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात घेऊन जा; १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या, नंबरवर दिवसरात्र कधीही फुकट बोलता येतं, मराठीतही. तो नंबर तुम्हीही लावू शकता. बायको गेल्यानंतर तुम्ही कोणापाशी बोललात, हेही तुमच्या पत्रात नाही.

आणि त्याला मला लिहायचं असेल तर त्याने लिहावं. चॅप्लेन व्हायचंय असं लिहिलं तरी चालेल, मग मी त्याला वेल्लोरचा रस्ता नीट समजावून सांगेन. पाकीट त्यानेच चिकटवावं, तुम्ही ते आधी वाचायचं नाही.