एकाच धुराड्यात तीन नळ्या आहेत. एकच मोठं झाकण बसवावं की प्रत्येक नळीला वेगळं?

तुम्ही लिहिलंय की एक नळी शेकोटीची, दुसरी गॅस बॉयलरची, तिसरी वापरात नाही आणि धुराड्याजवळ छताला ओल येते. झाकण घ्याच, पण त्याआधी माथ्यावरची सिमेंटची लादी तपासून घ्या. मी धुराड्यांच्या दुरुस्तीची कामं करतो. ओलीची तक्रार ऐकून वर चढलो की बहुतेक वेळा दोष त्या लादीतच निघतो.

बांधकाम संपताना उरलेला माल विटांवर थापून दिलेला असतो आणि कडेला तो जेमतेम बोटभर जाड असतो. त्याला तडा जातो, पाणी शिरतं. थंडीत ते गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं आणि तडा रुंदावतो. लादी कडेलाही किमान २ इंच जाड हवी, ढाळ बाहेरच्या बाजूला हवा आणि ती विटांच्या दोनेक इंच पुढे आलेली हवी. पुढे आलेल्या भागाच्या खालच्या अंगाला एक खाच ठेवायला सांगा. खाच असली की पाणी पागोळीसारखं खाली सुटतं; नसली तर लादीच्या पोटाला चिकटून सरकत थेट विटांत जातं.

आणखी एक गोष्ट गवंडीही विसरतात. भाजलेल्या मातीची नळी तापली की वाढते. सिमेंट तिला घट्ट धरून बसलं तर नळी तरी फुटते नाहीतर लादी. एका घरी नळीच्या कोपऱ्यातून निघालेला केसाएवढा तडा लादीच्या काठापर्यंत गेला होता आणि त्यात हिरवं शेवाळ धरलं होतं. म्हणजे पाणी किती दिवस आत जात असेल! लादी ओततानाच नळीभोवती फोमची पट्टी गुंडाळून फट ठेवावी आणि ती वरून उष्णता सोसणाऱ्या लवचीक सीलंटने भरावी.

झाकणात माझी पसंती सगळा माथा झाकणाऱ्या एकाच मोठ्या झाकणाला, कारण त्याखाली लादीही सुरक्षित राहते. ते ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचं किंवा तांब्याचं घ्या. सर्वांत उंच नळीच्या तोंडापासून झाकणाचं छप्पर वीतभर तरी वर असू द्या, नाहीतर धूर कोंडतो. झाकणाच्या बाजूंना असलेल्या जाळीची छिद्रं अर्ध्या इंचाहून मोठी नकोत, ठिणग्या बाहेर पडतात. ३/८ इंचाहून बारीकही नकोत, काजळीने बुजतात. वर्षातून एकदा जाळी साफ करावीच लागते.

पण सगळ्या नळ्या एकाच झाकणाखाली असण्यात धोकाही आहे, आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. स्वयंपाकघरातला पंखा घरातली हवा बाहेर फेकतो, तेव्हा भरपाईची हवा एखाद्या थंड नळीतून खाली येऊ शकते. नळ्यांची तोंडं एकाच पातळीवर असतील तर तिच्याबरोबर शेजारच्या नळीचा धूरही घरात येतो. बॉयलरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असू शकतो आणि त्याला वास नसतो. म्हणून नळ्यांच्या उंचीत काही इंचांचा फरक ठेवा. बॉयलरच्या नळीवर काय चालेल हे गॅसच्या परवानाधारक तंत्रज्ञालाच ठरवू द्या. तो वेगळं टोक बसवायला सांगेल तर वाद घालू नका. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.

वापरात नसलेली नळी दोन्ही टोकांनी गच्च बंद करू नका. वर पाऊस अडवणारं झाकण आणि खाली हवेसाठी जाळी, एवढं पुरे. कोंडलेल्या दमट हवेचं आत पाणी होतं आणि भिंतीवर तपकिरी डाग उमटतात.

विटांना रंग देऊ नका, आतली ओल अडकते. आधी विटांच्या सांध्यांतल्या दर्जा, म्हणजे फटी, भरून घ्या आणि मगच पाणी अडवणारं पण वाफ बाहेर जाऊ देणारं सिलेन-सिलॉक्सेनचं द्रव मारा.

तुमचा डाग धुराड्याला लागून आहे, त्यामुळे छप्पर आणि धुराडं यांच्या सांध्यावरच्या पत्र्याच्या पट्ट्याही मला संशयास्पद वाटतात. कोरड्या दिवशी एकाला माळ्यावर बसवा आणि दुसऱ्याने पाइपने पाणी सोडावं: आधी फक्त त्या सांध्यावर दहा-पंधरा मिनिटं, मग विटांवर, शेवटी लादीवर. उलट क्रमाने केलंत तर वरचं पाणी ओघळून सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही. ज्या टप्प्यावर माळ्यावरचा माणूस हाक मारेल, दुरुस्ती तिथून सुरू करा.