आईला १९६१चा पूर आठवतो, मागची दिवाळी का नाही?

प्रश्न : ताई, माझी आई ७४ वर्षांची आहे. पानशेतचं धरण फुटलं तेव्हा ती लहान होती, पण ते सगळं आजही खडान् खडा सांगते, कुणाच्या माळ्यावर चढलो, कुणी भाकरी दिली, सगळं. पण मागच्या दिवाळीत आम्ही गणपतीपुळ्याला गेलो होतो ते विचारलं की गडबडते. बाबांची बायपास झाल्यापासून सतत टेन्शनमध्ये असते, झोप नाही. त्यात मामा म्हणतो की ती पुराचंही चुकीचं सांगते. हा अल्झायमर तर नाही ना?
- एक वाचक, पुणे

उत्तर : तुमची काळजी पोचली. नुसत्या पत्रावरून अल्झायमर आहे की नाही हे कुणीच सांगू शकत नाही, पण जे लिहिलंय त्याला दुसरी कारणंही असू शकतात.

आधी पूर. म्हातारपणी माणसाला साधारण दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंतचं जास्त आठवतं, आणि १२ जुलै १९६१ तर पुण्यात कोण विसरेल, त्यात ती गोष्ट आईने कितीदा सांगितली असेल. पण दरवेळी सांगताना आठवण थोडी नव्याने रचली जाते. १९८६ला अमेरिकेत चॅलेंजर यान फुटलं तेव्हा उलरिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांकडून दुसऱ्याच दिवशी लिहून घेतलं की बातमी कुठे, कशी कळली, आणि अडीचेक वर्षांनी परत विचारलं, तर बऱ्याच जणांचं भलतंच निघालं आणि तेही अगदी छातीठोकपणे! म्हणजे आई आणि मामा दोघंही मनापासून खरं बोलत असतील, तरी तपशील चुकू शकतात. त्यावरून घरात वाद नको.

आता दिवाळी. मला वाटतं आई गणपतीपुळ्याला शरीराने होती, मन बाबांपाशी होतं, गोळी घेतली का, दम लागतोय का. लक्षच नसेल तर आठवण नीट बनतच नाही, मग नंतर शोधून सापडणार काय? आणि तुम्ही "आठव ना गं" म्हणून मागे लागलात की ती आणखी घाबरते, ताणात शरीरात कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन वाढतं आणि जे आहे तेही पटकन वर येत नाही. म्हणून प्लीज तिची परीक्षा घेणं बंद करा.

त्याऐवजी गप्पांमध्ये धागा द्या, फोटो दाखवा. "हो हो, तिथे वारा किती होता" असं ती स्वतःहून काही जोडत असेल तर बराच दिलासा आहे, वयामुळे आठवण बाहेर काढायला आधार लागतो. पण धागा देऊनही तो प्रसंग कोराच असेल, तोच प्रश्न तासाभरात परत येत असेल, ओळखीच्या रस्त्यावर चुकत असेल, तर न्यूरॉलॉजिस्टकडे जाच. आणि उतारवयात नव्याने सुरू झालेली अशी चिंताही डॉक्टरांना जरूर सांगा, कधीकधी तीच स्मृतिभ्रंशाची सुरुवातीची खूण असते.

तसंही फॅमिली डॉक्टरांकडून बी-१२, थायरॉइड आणि कान तपासून घ्या. झोपेसाठी अल्प्राझोलॅमसारखी गोळी चालू आहे का बघा, आपल्याकडे ती वर्षानुवर्षं घेतली जाते आणि तिने नव्या आठवणी धरायला त्रास होतो. मात्र स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका, डॉक्टर हळूहळू कमी करतील. आईला फक्त बोलायचं असेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ फुकट आहे, मराठीतही बोलता येतं.