एकाच रॉडवर किती जिग नाचवायचे?

दिवाळी झाली, धरणांचं पाणी निवळलं आणि मासेमारीच्या रॉडबद्दलच्या प्रश्नांना ऊत आला. या वेळी बहुतेकांना जिगिंगबद्दलच विचारायचं आहे. जिगिंग म्हणजे मासोळीच्या आकाराचा धातूचा तुकडा, अर्थात जिग, तळापर्यंत सोडायचा आणि झटके देत, थांबत, पुन्हा पडू देत वर आणायचा. पद्धती अनेक आहेत आणि बहुतेकांचा खिसा एकाच रॉडपुरता आहे. निवडक प्रश्न घेतो.

माजलगाव धरणावर होडीतून जिगिंग करतो आणि वर्षातून एखाददुसऱ्या वेळी मित्रांबरोबर मालवणला जातो. दोन्हीकडे चालेल असा एकच रॉड सांगा. दुकानदार म्हणाले, "मोठ्या माशाचा घ्या, लहान मासा काय, आपोआप येतो." हे खरं का? (माजलगाव, जि. बीड)

दुकानदाराचं गणित जाळ्याला लागू पडेल, जिगिंगला नाही. मासा लागायच्या आधी रॉडला तासन् तास जिगच हलवायचा असतो. जिगच्या वजनाने टोक वाकलंच नाही, तर जिग नाचत नाही, नुसता वरखाली होतो. आणि वजन जास्त झालं तर रॉड वाकूनच राहतो, परत उसळत नाही. म्हणून रॉड निवडताना आधी जिगचं वजन ठरवायचं. किती किलोचा मासा हा प्रश्न त्यानंतर येतो, आणि त्याचं बरंचसं उत्तर दोरी आणि ड्रॅग (मासा जोरात ओढू लागला की दोरी सोडणारा रिळाचा ब्रेक) देतात.

आता तुमच्या दोन जागा बघू. धरणाचं पाणी संथ. आठ-दहा मीटर खोलीवर १० ते २० ग्रॅमचा जिग सरळ तळाला जातो. मालवणच्या दिवसभराच्या बोटी साधारण २०-३० मीटर खोलीवर थांबतात असं धरू. तिथे ४० ते ८० ग्रॅम लागतील, आणि हा आकडा तिथीप्रमाणे बदलतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओढ इतकी असते की ६० ग्रॅमचा जिग तळ गाठायच्या आत बोटीपासून लांब वाहून जातो. अष्टमीच्या आसपास, भांगाच्या भरतीला, तेच काम ४० ग्रॅममध्ये होतं. हलका रॉड घेऊन जाणार असाल तर बोटवाल्याला विचारून तारीख अष्टमीजवळची घ्या. नवा रॉड घेण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

म्हणजे तुमचा पल्ला १० ते ८० ग्रॅम. एवढा पल्ला एका रॉडला जेमतेम झेपतो. साडेसहा फुटांचा, दोन तुकड्यांचा, स्पिनिंग रीळ बसणारा आणि ताकदीने मीडियम-लाइट असा रॉड बघा. जिगचं वजन मुठीच्या वर छापलेलं असतं. तिथे १०–६० किंवा १५–८० असं काहीतरी हवं. छापलेल्या पल्ल्याच्या दोन्ही टोकांना रॉड कुरकुरतो, मधल्या भागात खुलतो. १५–८० चा रॉड १५ ग्रॅम टाकेल, पण त्याची खरी मजा ३० ते ६० ग्रॅमला येईल. तुमची वर्षातली जास्त मासेमारी धरणावर होणार, तेव्हा शंका आली तर खालच्या पल्ल्याचा घ्या.

त्यावर ३००० ते ४००० मापाचं रीळ आणि पीई १.२ किंवा १.५ ची ब्रेडेड दोरी. पीईचा आकडा जाडी सांगतो: पीई १ म्हणजे सुमारे ०.१६५ मिलिमीटर, पीई २ म्हणजे सुमारे ०.२३५. ताकद कंपनीप्रमाणे बदलते, म्हणून डबीवरचे पाउंड वेगळे वाचा. दोरी जितकी जाड तितकं पाणी तिला ढकलतं आणि तितका जड जिग लागतो. मोठ्या माशाच्या आशेने पीई ३ भरली की रॉडचा सगळा हिशेब बिघडला म्हणून समजा.

मालवणात सुरमई लागली तर तिचे दात फ्लोरोकार्बनचा लीडर, म्हणजे दोरीच्या टोकाला जोडलेला वेगळा तुकडा, कापतात. तिथे गळाला छोटी तार लावा, रॉड बदलायची गरज नाही.

स्लो पिच जिगिंगचे व्हिडिओ बघतो. त्यासाठी वेगळा रॉड लागतोच का? माझ्याकडे साधा मीडियम स्पिनिंग रॉड आहे. (नांदेड)

ही पद्धत जपानमधली. नोरिहिरो सातो यांचं नाव तिच्याशी कायमचं जोडलेलं आहे. तिच्यात हाताने झटका द्यायचा नसतो. रिळाचा पाव किंवा अर्धा फेरा फिरवायचा, त्याने रॉडचं टोक खाली वाकतं, मग रॉड स्वतः सरळ होतो आणि जिगला उचलतो. दोरी क्षणभर सैल पडते, जिग पाण्यात आडवा होतो आणि पानासारखा गिरक्या घेत खाली येतो. मासा बहुतेक वेळा याच पडण्यात तोंड मारतो.

आता तुमचा मीडियम रॉड घ्या. पाव फेरा फिरवला की टोक थोडं वाकतं आणि तसंच राहतं. त्याचा कार्बन उसळी मारायला केलेलाच नाही. स्लो पिचचा रॉड सडपातळ असतो, बहुतेक सव्वासहा ते पावणेसात फुटांचा, आणि वाकल्यावर चटकन परत येतो. त्याच्यावर बहुधा ओव्हरहेड, म्हणजे रॉडच्या वरच्या बाजूला बसणारं, रीळ असतं, कारण पाव-पाव फेऱ्याचा हिशेब त्या रिळावर सहज ठेवता येतो. हे रॉड १०० ते २५० ग्रॅमचे जिग खोल समुद्रात चालवण्यासाठी बनलेत. १०० मीटरला २०० ग्रॅम असा ढोबळ ठोकताळा सांगतात. विष्णुपुरीच्या पाण्यात ते घेऊन बसणं म्हणजे शेळी बांधायला हत्तीचा साखळदंड.

दुसरी गोष्ट व्हिडिओत पटकन लक्षात येत नाही. स्लो पिचच्या रॉडने मासा ओढायचा नसतो. मासा लागला की रॉड पाण्याकडे झुकवायचा आणि जोर रिळाने लावायचा. तो रॉड जिग उचलण्यासाठी आहे, मासा उचलण्यासाठी नाही.

तुमच्या रॉडवर दुसरी पद्धत उत्तम जमेल, वन पिच: एक झटका, एक फेरा, एक झटका, एक फेरा. अधूनमधून दोन-तीन फेऱ्यांनंतर थांबा आणि जिग पडू द्या. पडताना हलका हवा असेल तर लांब-अरुंद जिगऐवजी मधून फुगीर आणि पानासारखा रुंद जिग लावा. स्लो पिचचं निम्मं सुख त्या आकारात आहे आणि ते कुठल्याही रॉडवर मिळतं. वेगवान जिगिंगला मात्र लांब सुरीसारखे २०० ग्रॅमच्या पुढचे जिग, आखूड व दणकट रॉड आणि जास्त गिअर रेशोचं, म्हणजे एका फेऱ्यात जास्त दोरी गुंडाळणारं, रीळ लागतं. मराठवाड्यातल्या कुठल्याही पाण्यात त्याचं काम नाही.

येलदरीवर तीन-साडेतीन किलोचा कटला काठाशी आणला, उचलताना रॉड वरून दीड फुटावर तुटला. रॉडवर ८ किलोची क्षमता लिहिली होती. कंपनी बदली करून देत नाही. (जिंतूर, जि. परभणी)

तुटलेल्या जागेवरूनच कारण कळतं. कार्बनचा रॉड पूर्ण कमानीत वाकला तर भार मुठीजवळच्या जाड भागावर येतो. मासा पायाशी आल्यावर आपण रॉड उभा करतो, दोरी सरळ खाली जाते आणि सगळा भार वरच्या दीड-दोन फुटांवर येतो. तो भाग पेन्सिलीपेक्षाही बारीक असतो. ८ किलोचा आकडा असलाच तर तो दोरीचा किंवा ड्रॅगचा असतो, काठावर लोंबकळणाऱ्या माशाचा नव्हे. बदली न देण्यात कंपनीचं चुकलं असं मला वाटत नाही.

मासा जवळ आला की रॉड आडवा करा, दोन पावलं मागे जा आणि मासा जाळीत घ्या. जाळी नसेल तर हाताने लीडर धरा. एक हात मुठीवर आणि दुसरा रॉडच्या मध्यावर धरून उचलायची सवय असेल तर ती आजच सोडा. दुसऱ्या हाताच्या मागचा रॉड वाकतच नाही, म्हणजे तुम्ही तो आखूड करून तोडता.

ड्रॅगही तपासा. दोरीची ताकद ९ किलो असेल तर ड्रॅग ३ किलोच्या आत ठेवा. किराणा दुकानात मिळणारा स्प्रिंगकाटा दोरीला अडकवून ओढला की दोन मिनिटांत कळतं.

दादाबरोबर मासेमारीला जाते, रॉड त्याचाच वापरते. माझी उंची पाच फूट. तासाभरात मनगट आणि कोपर दुखायला लागतं. मी हलका रॉड घेऊ का? (छत्रपती संभाजीनगर)

वजनाआधी मुठीची लांबी बघा, ताई. रिळाच्या पायापासून मुठीच्या शेवटापर्यंत टेपने मोजा. दादाच्या रॉडला ती बहुधा ४० सेंटिमीटरच्या आसपास निघेल. झटका देताना मुठीचं टोक काखेत दाबलेलं राहायला हवं. तुमच्या हाताला ते लांब पडतं, मग मूठ काखेतून बाहेर येते आणि सगळा भार मनगटावर जातो. तुमच्यासाठी ३० ते ३३ सेंटिमीटरची मूठ बघा. दुकानात रीळ लावून, रॉड काखेत धरून वीस-पंचवीस झटके द्या. दुकानदार हसला तर हसू द्या.

रीळ बसवल्यावर रॉड रिळाच्या जरा पुढे एका बोटावर तोलून बघा. टोकाकडे झुकला तर तो दिवसभरात दमवणार, मग त्याचं वजन कागदावर कितीही कमी असो. रिळाचा पाय मधलं बोट आणि अनामिका यांच्यामध्ये धरा, पूर्ण मूठ आवळू नका. आणि ४० ग्रॅमने काम होत असेल तिथे ६० ग्रॅम लावू नका. दुखण्याचा सर्वांत मोठा उपाय हाच आहे.

मरळीसाठी जिगिंगचा रॉड चालेल? (लातूर)

मरळ बेशरमीच्या झुडपांत आणि शेवाळात राहते. उघड्या गळांचा जिग तिथे पहिल्याच फेकीत अडकतो. तिच्यासाठी रबरी बेडूक आणि सात फुटांचा मीडियम-हेवी रॉड. लागताच तिला झाडोऱ्यातून ओढून बाहेर काढावं लागतं, तिथे नाजूक टोक कामाचं नाही. पावसाळ्यात नर-मादी पिल्लांच्या तांबूस घोळक्याची राखण करताना दिसतात, तेव्हा त्यांच्यावर काही टाकू नका.

रॉड, रीळ, दोरी मिळून आठ हजारांत बसवायचंय. कुठे हात आखडता घेऊ? दहा फुटांचा टेलिस्कोपिक रॉड स्वस्तात मिळतोय. (धाराशिव)

टेलिस्कोपिक नको. प्रत्येक सांध्यावर तो ताठ राहतो, जिगची थरथर हातापर्यंत येत नाही आणि दहा फूट होडीत आवरत नाहीत. आमिष लावून काठावर बसणाऱ्यांसाठी तो ठीक.

माझी वाटणी साधारण अशी: रीळ साडेतीन हजार, रॉड तीन, दोरी हजार, उरलेल्यात जिग आणि लीडर. खराब ड्रॅगचं रीळ चांगल्या रॉडलाही वाया घालवतं. जिगवर मात्र फार उधळू नका. आपल्या धरणांच्या तळाशी बुडालेल्या बाभळी आहेत, निम्मे जिग त्यांच्या फांद्यांवरच राहणार.

स्वस्त रॉडमध्ये फसवणूक होते ती कड्यांत, म्हणजे रॉडवरच्या ज्या रिंगांतून दोरी जाते त्यांत. ब्रेडेड दोरी सुतासारखी दिसली तरी कडीच्या आतल्या रिंगणाला बारीक चीर असेल तर दोन दिवसांत कापली जाते, आणि ती चीर डोळ्यांना दिसत नाही. दुकानात जाताना खिशात चिमूटभर कापूस न्या, आपल्याकडे त्याची कमी नाही. त्याची सैल वात करून प्रत्येक कडीतून फिरवा, टोकाच्या कडीतून दोनदा. एक जरी धागा अडकला तर तो रॉड परत ठेवा. सवलत देतो म्हणाला तरी परत ठेवा.

मग १०–६० च्या रॉडला ४० ग्रॅमचा जिग बांधून टोकापासून हातभर लोंबू द्या. टोक हलकेच झुकायला हवं, खालचा भाग सरळ. आता मनगटाने एकदा झटका द्या. टोक एक-दोन हेलकाव्यांत थांबलं तर ठीक, थरथरत राहिलं तर पाण्यातही तसंच थरथरेल.

घरी आणल्यावर मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका. कड्या बसवलेलं इपॉक्सी त्या उकाड्याने मऊ पडतं आणि कड्या कलतात.

नाथसागरावर जिगिंगला परवानगी लागते का? आणि वीज कडाडत असताना कार्बनचा रॉड धोक्याचा, हे खरं का? (पैठण)

जायकवाडीचा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तेव्हा आधी वनविभागाकडे चौकशी करा, विशेषतः हिवाळ्यात परदेशी पक्षी उतरतात तेव्हा. इतर धरणांवर मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. तिथल्या भोई मंडळींना विचारूनच पाण्यात उतरा. जाळी कुठे लावलीत तेही कळतं आणि जिग त्यांच्या जाळ्यात जात नाही.

विजेचं म्हणाल तर हो, कार्बन वीज वाहून नेतो. मोकळ्या पाण्यावर होडीत उभं राहून साडेसहा फुटांचा रॉड वर धरला की सगळ्यात उंच तुम्हीच. वळिवाच्या आणि परतीच्या पावसात दुपारनंतर ढग भरले की गुंडाळा. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने काढलेलं 'दामिनी' ॲप मोबाइलमध्ये ठेवा, जवळपास वीज पडत असेल तर ते इशारा देतं.

आणि स्वच्छ आकाशातही एक गोष्ट बघायचीच. पाणी ओसरलं की गाळपेरीची शेतं थेट पाण्यापर्यंत येतात आणि मोटारींच्या तारा काठावर बांबूंवरून हाताच्या उंचीवर लोंबत असतात. रॉड जोडायच्या आधी वर बघा, आणि अशा तारांखालून जाताना रॉडचे दोन्ही तुकडे सोडवून आडवे धरा.